१०एक्स ट्रिपलेट भिंग: सिटका आल्डर पक्का ओळखायचा तर हे गळ्यात हवंच

सिएटलच्या आसपास राहणारे आणि उन्हाळा आला की दर वीकेंडला कॅस्केड्सच्या डोंगरात पळणारे आपले बरेच मराठी लोक आहेत, त्यातल्या ज्यांना झाडाझुडपांची नावं माहीत करून घ्यायला आवडतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. वस्तू अगदी छोटी आहे, दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, इथे त्याला हँड लेन्स किंवा लूप म्हणतात, आपल्याकडे सराफ डोळ्याला लावून हिरा बघतात तेच. माझ्याकडचं २१ मिलिमीटर काचेचं ट्रिपलेट, म्हणजे तीन काचांचं भिंग आहे, काच फिरवून स्टीलच्या कव्हरमध्ये सरकवता येते, किंमत ४० डॉलरच्या आत. घेतलं ते मुख्यतः एकाच कामासाठी, इथल्या डोंगरातल्या ओल्या उतारांवर आल्डर नावाच्या झाडाची जी गच्च झुडपं असतात ती नेमकी कुठल्या आल्डरची हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवता यावं म्हणून. त्या कामाला पाचपैकी पाच स्टार, बाकी दोनचार बारीक तक्रारी आहेत त्या खाली लिहिते.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण याच मापाची चांगली भिंगं बरेच जण बनवतात आणि खरा फरक ब्रँडपेक्षा आतल्या काचेचा असतो.

आधी हे भिंग लागतंच कशाला ते सांगते, कारण बहुतेक जण म्हणतात फोनमध्ये ॲप आहे की, फोटो काढला की नाव येतं. येतं ना, आणि ॲप मीही रोज वापरते, पण लोक फोटो काढतात पानाचा, आणि नुसत्या पानावरून ॲप फार तर आल्डर आहे इथपर्यंत खात्रीने पोचतं, पुढे कुठला आल्डर ते ठरवायची खूण त्या फोटोत नसतेच. ती खूण असते पानाच्या देठाच्या बगलेत, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी कळी, म्हणजे पुढच्या वर्षीचं पान ज्यात गुंडाळून ठेवलेलं असतं ती. तिला देठ आहे का नाही आणि तिच्यावर खवले किती, या दोन प्रश्नांवर सगळं ठरतं आणि हे दोन्ही साध्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. भिंगातून दिसतं, आणि असं स्पष्ट दिसतं की वाद उरत नाही.

वॉशिंग्टन राज्यात डोंगरात फिरताना मुख्यतः तीन आल्डर भेटतात. खाली, समुद्राच्या बाजूच्या दमट सखल भागात रेड आल्डर, तो सरळ मोठा वृक्ष होतो, पंचवीस तीस मीटर सहज, हायवेच्या कडेला पांढरट खोडांची जी रांग दिसते ती बहुतेक त्याचीच. कॅस्केड्सची धार ओलांडून पूर्वेला गेलं, लेव्हनवर्थच्या बाजूला, की ओढ्यांच्या काठाने थिनलीफ आल्डर लागतो, तो मोठं झुडूप किंवा लहान झाड. आणि वर, जिथे बर्फ उशिरापर्यंत राहतो, उतारातून पाणी झिरपत असतं आणि हिवाळ्यात ॲव्हलांच, म्हणजे बर्फाचे लोंढे कोसळत उतरतात, तिथे आपला सिटका आल्डर. शास्त्रीय नाव आल्नस विरिडिस, सबस्पीशीज सिन्युआटा, काही याद्यांमध्ये आल्नस अल्नोबेटुला असं दिसेल, झुडूप तेच. अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत आणि आत मोंटानाकडे पसरलेला आहे आणि इथल्या गिर्यारोहकांच्या तोंडी त्याचं नाव स्लाइड आल्डर.

हे झुडूप वाढतं कसं ते बघण्यासारखं आहे. एका बुंध्यातून दहा पंधरा फांद्या निघतात आणि त्या वर न जाता आधी उताराच्या दिशेने खाली झुकतात, मग टोकाला वळून वर येतात, कारण दर हिवाळ्यात त्यांच्यावर कित्येक फूट बर्फ बसतो. इथला बर्फ म्हणजे काय याची कल्पना नसेल तर सांगते, याच रांगेतल्या माउंट बेकर स्की एरियात १९९८-९९ च्या सीझनमध्ये १,१४० इंच म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला होता, तो जागतिक विक्रम आहे. एवढ्या वजनाखाली फर आणि हेमलॉकची झाडं मोडतात, ॲव्हलांच आला की खोडासकट जातात, आणि हा आल्डर मात्र लवचिक, बर्फाखाली आडवा पडून राहतो आणि बर्फ वितळला की उठतो. म्हणून डोंगराच्या उतारावर गडद हिरव्या जंगलात वरून खाली गेलेला फिकट हिरवा पट्टा दिसला, स्नोक्वाल्मी पास या खिंडीच्या आसपास असे कितीतरी दिसतात, की तिथे सिटका आल्डर असण्याची शक्यता भरपूर. पण शक्यताच, कारण त्याच पट्ट्यात विलो असतो, व्हाइन मेपल असतो, आणि स्नोक्वाल्मी पास फक्त ९२१ मीटरवर आहे त्यामुळे खालून चढत आलेला कोवळा रेड आल्डरही झुडपासारखा उभा असू शकतो. लांबून सगळं एकच हिरवं. इथे भिंग काढायचं.

आता कळी. सिटका आल्डरची कळी सरळ फांदीला चिकटलेली असते, देठ नाही किंवा असला तर नावापुरता, टोक अणकुचीदार, रंग लालसर जांभळा, आणि भिंगाखाली तिच्यावर एकावर एक चढलेले चारसहा खवले दिसतात, कौलं घातल्यासारखे. वरून डिंकाचा पातळ थर असतो, उन्हात तिरपी धरली की वार्निश केल्यासारखी चकाकते, आणि दहापट मोठी बघताना प्रत्येक खवल्याची कड वेगळी मोजता येते. आता रेड आल्डरची किंवा थिनलीफची कळी बघा, ती फांदीपासून एका छोट्या देठावर उभी, टोक बोथट, आणि खवले दोनतीनच, कडेला कड लावून मिटलेले, एकावर एक चढलेले नाहीत. दोन्ही एकदा भिंगातून शेजारी शेजारी बघितल्या ना की परत चुकायचं कारणच नाही. आणि कळी उन्हाळ्याच्या मध्यापासून पुढचा वसंत येईपर्यंत फांदीवर असते, त्यामुळे पानं गळून गेल्यावर, नोव्हेंबरच्या रिपरिप पावसातसुद्धा ओळख पटते, पानाच्या भरवशावर असलेल्या माणसाला हे जमत नाही.

हीच कळी बाकीच्या झुडपांनाही बाजूला काढते. विलोच्या कळीवर एकच खवला असतो, टोपी घातल्यासारखा, भिंगाखाली त्याला जोड दिसतच नाही. कॅस्कारा म्हणून एक आहे, त्याच्या पानांच्या शिरा लांबून आल्डरसारख्या वाटतात, पण त्याच्या कळीवर खवलेच नसतात, उघडी कोवळी पानं, त्यावर तपकिरी लव. व्हाइन मेपलला तर भिंगाचीही गरज नाही, त्याच्या फांद्या आणि पानं समोरासमोर जोडीने असतात आणि आल्डरची एकाआड एक.

पानाकडे दुसऱ्या नंबरला जायचं. सिटकाचं पान पातळ, कागदासारखं, वरून चकचकीत, कोवळं असताना बोटाला चिकटतं, आणि कडेला दाते दोन मापांचे, मोठ्या दात्यावर परत बारीक टोकदार दाते. थिनलीफचं पान त्यामानाने निस्तेज आणि दाते जरा गोलसर. रेड आल्डरची खूण फार सुंदर आहे, त्याच्या पानाची कड खालच्या बाजूला आत मुडपलेली असते, साडीच्या पदराला बारीक दुमड घालून शिवावी तशी, पान उलटं करून भिंग लावलं की ती दुमड सलग दात्यांवरून फिरलेली दिसते. सिटकाच्या पानाची कड सपाट. बोटाच्या टोकानेही जाणवते म्हणतात, पण भिंगातून बघायचं सुख वेगळं आहे.

मग कोन, म्हणजे आल्डरची ती छोटी लाकडी बोंडं, गेल्या वर्षीची काळी पडलेली बऱ्याचदा फांदीवर तशीच लटकत असतात. सिटकाची बोंडं बारीक लांब देठांवर असतात, देठ बोंडापेक्षा लांब, थिनलीफची आखूड देठावर घट्ट बसलेली. एखादं बोंड तळहातावर हलकेच झटकलं आणि नशिबाने आत बी शिल्लक असलं तर ते भिंगाखाली नक्की बघा, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात देखणं दृश्य ते आहे. मध्ये चपटं तपकिरी बी आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक पंख, पंखांची रुंदी जवळजवळ बियाएवढीच, उजेडासमोर धरलं की पंखात अगदी बारीक जाळी दिसते. थिनलीफच्या बियाला पंख जवळजवळ नाहीतच, नुसती कडेला पुसट धार, आणि रेड आल्डरचे अरुंद. पंखाचा हा फरक साध्या डोळ्यांना कोंड्याच्या कणासारखा, दहापटीत एकदम उघड.

वसंतात गेलात तर अजून एक खूण, तिला भिंग लागत नाही पण लिहून ठेवते. रेड आणि थिनलीफ आल्डर पानं फुटायच्या आधी फुलतात, नागड्या फांद्यांवर पिवळसर लांब तुरे लोंबतात. सिटका पानांबरोबरच फुलतो, चिकट कोवळी पानं आणि तुरे एकाच वेळी. हिवाळ्यात त्याचे फक्त नर तुरे बाहेर दिसतात, मादी तुरे कळीच्या आत झाकलेले असतात.

माझ्या एका मैत्रिणीने विचारलं, एवढं करून काय मिळतं, आल्डर तो आल्डर. मला हे पटत नाही. कुठला आल्डर हे कळलं की तो डोंगर वाचता येतो. सिटका दिसला म्हणजे इथे पाणी झिरपतंय, इथे ॲव्हलांच उतरतो, हिवाळ्यात स्नोशूज घालून या पट्ट्याखाली रेंगाळायचं नाही, आणि ट्रेल सोडून शॉर्टकट मारायचा विचार असेल तर तो सोडून द्यायचा कारण खाली झुकलेल्या त्या फांद्यांच्या जाळ्यातून शंभर मीटर जायला जीव निघतो. शिवाय हा आल्डर त्या उताराची माती बनवतोय. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यात फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतलं नत्र पकडून ठेवतात, म्हणजे तूर हरभरा शेतात जे करतात तेच, फक्त जिवाणू वेगळे. ओढ्याने काठ कापून मुळं उघडी पडलेली असली तर या गाठी न खणता बघायला मिळतात, पोवळ्यासारखे फाटे फुटलेला गुच्छ, भिंगाखाली प्रत्येक फाट्याचं टोक गोल आणि फिकट. हे ज्याने एकदा बघितलं त्याला आल्डर तो आल्डर असं म्हणवणार नाही.

अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये तर या झुडपाने काय केलंय ते सगळं नोंदलेलं आहे. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर या दर्यावर्दीच्या मोहिमेतल्या लोकांनी पाहिलं तेव्हा ती खाडी जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेली होती, १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर पोचला तोपर्यंत हिमनदी कित्येक मैल आत सरकली होती, आणि १९१६ पासून विल्यम कूपर या शास्त्रज्ञाने उघड्या पडलेल्या जमिनीवर छोटे चौकोन आखून कुठली झाडं कुठल्या क्रमाने येतात ते मोजायला घेतलं. नुसत्या दगडगोट्यांवर आधी शेवाळं आणि ड्रायस नावाच्या जमिनीलगत पसरणाऱ्या झुडपाचे गालिचे, मग सिटका आल्डरच्या झाडोऱ्याने सगळं झाकणं, आणि त्याने जमिनीत घातलेल्या नत्रावर पुढे कॉटनवूड आणि स्प्रूसचं जंगल, ज्याच्या सावलीत मग आल्डर स्वतःच मागे पडतो. इथे जवळ माउंट सेंट हेलेन्सला १८ मे १९८० च्या ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जो उजाड प्रदेश झाला तिथेही ओलाव्याच्या जागांवर याची झुडपं उभी आहेत. तिथे जाणार असाल तर भिंग विसरू नका.

बरं आता वस्तूबद्दल. ट्रिपलेट म्हणजे तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं भिंग, त्याने कडेला रंगीत झालर येत नाही आणि चित्र मधोमधसारखंच कडेलाही सपाट दिसतं. एका काचेच्या स्वस्त भिंगात कळीचा मधला भाग स्पष्ट आणि बाजूचे खवले वाकडे, मग मोजणार काय. बाजारात ३०एक्स, ४०एक्स लिहिलेली एकदम स्वस्त भिंगं मिळतात, त्या आकड्यांवर जाऊ नका, बऱ्याचदा ते आकडे खरे नसतात, आणि खरे असले तरी रानात उपयोग नाही. साधा हिशोब आहे, १०एक्सला वस्तू काचेपासून अडीच सेंटीमीटरवर धरायची असते, २०एक्सला सव्वा, म्हणजे नाक फांदीत, उजेड अडतो, जरा वारा आला की कळी फ्रेमच्या बाहेर. आल्डरसाठी १० पुरे, खरं तर बहुतेक झाडांसाठी पुरे.

वापरायची पद्धत नीट शिका कारण तिथेच बरेच जण हे काही दिसत नाही म्हणून ठेवून देतात. भिंग हात लांब करून धरायचं नाही, डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, भिंगाचा हात गालाला टेकवून स्थिर करायचा आणि मग दुसऱ्या हाताने फांदी हळूहळू जवळ आणायची, अडीच सेंटीमीटरवर आली की चित्र एकदम उघडतं. सूर्य पाठीमागे किंवा बाजूला असू दे. चष्मा असेल तर काढायची गरज नाही, २१ मिलिमीटरची काच त्यासाठीच चांगली, लहान काचेत चष्म्यासकट बघताना अडचण होते. अजून एक, फोनच्या कॅमेऱ्यासमोर हेच भिंग धरलं की कळीचा झकास फोटो येतो, तो, बोंडाचा एक आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा एकेक असे चार फोटो ॲपवर टाकले की तिथले जाणकार लोक पण नाव पक्कं करू शकतात. घरी येऊन ताडून बघायचं असेल तर युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या बर्क हर्बेरियमचे, म्हणजे तिथल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे फोटो ऑनलाइन फुकट आहेत, मी नेहमी तिथे बघते.

भिंगाचा मला सगळ्यात आवडलेला गुण म्हणजे काही तोडावं लागत नाही. माउंट रेनियरसारख्या नॅशनल पार्कमध्ये परवानगीशिवाय पानही तोडायला बंदी आहे, आणि बंदी नसली तरी ट्रेलच्या कडेचं प्रत्येकाने एकेक डहाळी नेली तर उरेल काय. फांदी आपल्याकडे ओढायची, बघायची, अलगद परत सोडायची. फक्त हात आणि तोंड घालायच्या आधी आजूबाजूला बघा, याच ओल्या जागी डेव्हिल्स क्लब वाढतो, त्याच्या काट्यांना हात लागला तर दिवसभर चुरचुरतं, आणि दाट झाडोऱ्यात शिरताना मोठ्याने बोलत राहा, सॅमनबेरी पिकतात तेव्हा अस्वलंही तिथेच असतात.

तक्रारी. एक म्हणजे स्टीलचं कव्हर थंडीत गारठतं आणि गरम श्वास लागला की काच लगेच धूसर होते, ओल्या दिवशी हे सारखं होतं, उपाय एवढाच की भिंग जॅकेटच्या आत ठेवायचं आणि बघताना श्वास जरा धरायचा. दुसरं, ज्या स्क्रूवर काच फिरते तो वापरून ढिला पडतो, दर सीझनला एकदा घट्ट करून घ्यायला लागतो, आणि माझ्या भिंगाच्या स्क्रूला खाच इतकी उथळ आहे की चष्म्याच्या दुकानातला बारीक स्क्रूड्रायव्हरच लागतो. तिसरं, सोबत दोरी येत नाही. ही मोठी गैरसोय आहे, कारण आल्डरच्या झाडोऱ्यात पडलेली वस्तू सापडत नाही. भडक केशरी दोरी वेगळी घ्या आणि गळ्यातच घाला. एलईडी लाइटवालं मॉडेलही मिळतं, त्याला थोडे पैसे जास्त पडतात, पण सिएटलकडच्या ढगाळ हवेत आणि झुडपाच्या सावलीत ते पैसे वसूल आहेत असं माझं स्पष्ट मत आहे, पुढच्या वेळी मी तेच घेणार. पुसताना आधी फुंकर मारून माती उडवायची, मग मऊ कापड, शर्टाच्या टोकाने अजिबात नको, बारीक वाळूचे ओरखडे कायमचे राहतात.

पुण्याला गेले तेव्हाही बरोबर नेलं होतं. सह्याद्रीत आल्डर मुळात नाहीच, आपल्या देशात बघायचा तर हिमालयात आणि ईशान्येला, तिकडचा उतीस हा आल्डरच, नागालँडच्या खोनोमा गावात शेतात तो राखून, वरून छाटून त्याच्या मधल्या जमिनीत पिकं घेतात. पण कासला पावसाळ्याच्या शेवटी गेंदाच्या पांढऱ्या बोंडीवर हे भिंग धरा, आत कितीतरी वेगळी फुलं दिसतात, किंवा सीतेच्या आसवांवर. तिथेही तोडायला बंदी आहेच, गुडघ्यावर बसून बघायचं.

घेताना दुकानात शक्य असेल तर छापील कागदावरची बारीक अक्षरं भिंगातून बघा, कडेची अक्षरं मधल्यासारखीच काळी आणि सरळ दिसली पाहिजेत, निळी किंवा पिवळी किनार दिसली तर ते ट्रिपलेट लिहिलेलं असलं तरी परत ठेवा. ऑनलाइन घेणार असाल तर रिटर्न पॉलिसी बघून घ्या आणि आल्या आल्या पहिल्याच दिवशी ही टेस्ट करा.